न उकळलेलं फडकं

मोहितेकाकांच्या गॅरेजमध्ये शिरायचं तर आधी कोपरापर्यंत हात धुवावे लागत. नुसत्या पाण्याने नव्हे. दाराशी एका स्टुलावर ब्लीचच्या पाण्याचं घमेलं असे. त्यात हात बुडवायचे आणि मग कशालाही न लावता वर धरून वाऱ्यावर वाळवायचे. टॉवेलला पुसले की पुन्हा पहिल्यापासून. चपला बाहेर. केसांवर कुठल्याशा मोटेलमधून आणलेली प्लास्टिकची शॉवर कॅप. माझा नवरा प्रकाश मिश्या ठेवतो, त्याला तोंडावर रुमालही बांधायला लागे. एवढं सगळं करून आत गेलं की काय दिसायचं, तर काचेचा एक मोठा बुधला, त्यात तपकिरी पाणी आणि त्याच्यासमोर घडीच्या खुर्चीवर बसलेले मोहितेकाका.

"बोलायचं असेल तर तोंड तिकडे करून बोल," ते म्हणायचे. "श्वासात काय काय असतं, तुला माहीत नाही."

मग मी भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, "काका, वांग्याची भाजी आणलीय. ओट्यावर ठेवते."

ही ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. अॅरिझोनातलं चँडलर तेव्हा अर्धं कापसाच्या शेतांचं आणि अर्धं नव्या घरांचं गाव होतं. चिप बनवणारे कारखाने येत होते, त्यांच्यामागून इंजिनिअर येत होते, आणि त्यांच्यामागून आमच्यासारख्या बायका, भांड्यांच्या बॅगा घेऊन. मोहितेकाका त्यांतले जुने. मूळचे तासगावचे, वय पन्नाशीच्या पुढे, उंच, किडकिडीत. प्रकाश त्यांच्याच कारखान्यात होता आणि आमचं घर त्यांच्या शेजारी. दिवसभर काका पांढरा झगा घालून, डोळे तेवढे उघडे ठेवून अशा खोलीत काम करत, की जिथे धुळीचा एक कण पडला तरी माल फुकट जातो. बाकीचे लोक संध्याकाळी झगा तिथेच काढून येत. काकांचा झगा मनावर चढलेला तसाच घरी यायचा.

'कंटॅमिनेशन' हा त्यांचा लाडका शब्द. केळं ते काट्याने खात, कारण सालीला लागलेला हात गराला लागता कामा नये. आमच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला तिळगूळ देणाऱ्या बाईंना त्यांनी अत्यंत नम्रपणे विचारलं होतं, "हा हात मघाशी पर्सला लागला होता का?" त्या बाई पुढे वर्षभर त्यांच्याशी गोड बोलल्या नाहीत. कुणी म्हणालं की काका, स्वच्छ आहे हो, तर ते मान हलवत. "दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं." हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं होतं, की आमच्या घरात प्रकाशचं पाकीट हरवलं की मीही तेच म्हणायचे.

या माणसाला सांभाळून घेणं हे विमलकाकूंचं काम. काकू सांगलीच्या. बुटक्या, ठसठशीत कुंकवाच्या, बोलण्यात संथ. काकांनी खुर्ची पुसली की त्या दुसरी पुढे करत, "आता ही." त्यांचं श्रीखंड सगळ्या फिनिक्स परिसरात प्रसिद्ध होतं. पाडव्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या सिंकच्या नळाला मलमलच्या फडक्यात चक्का टांगलेला असायचा. मला तेव्हा एक गंमत वाटायची. हॉटेलात चमचा रुमालाने पुसणारे काका त्या श्रीखंडाची वाटी बोटाने चाटून खात. बायकोच्या हातचं त्यांनी कधी उजेडात धरून पाहिलं नाही.

मग त्यांचा मुलगा अजय कॉलेजसाठी पूर्वेकडे गेला आणि घर एकदम शांत झालं. काकूंना गाडी चालवता येत नव्हती. काकांनी शिकवायला घेतलं होतं, पण आरसे पुसण्यातच पहिला धडा संपला आणि दुसरा झालाच नाही. तिकडे सांगलीला त्यांची आई पडली, पाय मोडला. काकू उन्हाळ्यात गेल्या त्या महिनाभरासाठी. गणपती गेले, दिवाळी गेली. काकू आल्या नाहीत.

एकदा त्यांचा मला फोन आला. तेव्हा भारतातून फोन म्हणजे मिनिटामिनिटाला जीव वरखाली. पण काकू त्यांच्या संथ आवाजातच बोलल्या. "नीला, तिथं मला काय काम आहे ग? अजय गेला. हे सकाळी जातात, संध्याकाळी येऊन खुर्च्या पुसत बसतात. इथं मी कुणाला तरी लागते. मार्चमध्ये येते. माझं काय असेल ते आवरून घेते. परतीचं तिकीट काढलंय."

"काकांना सांगितलंत?"

"सांगितलं. 'ठीक आहे' म्हणाले. ते आणखी काय म्हणणार?"

मी फोन ठेवला. मला काकूंचा राग आला आणि काकांचा त्याहून जास्त. ठीक आहे काय? दुसऱ्या दिवशी काका अंगणात पाइप घेऊन उभे दिसले. मी मुद्दाम विषय काढला. "विमल मार्चमध्ये येतेय," ते म्हणाले. "चार आठवडे राहील." उद्या ऊन पडेल, असं म्हणावं तसं म्हणाले. आणि त्याच शनिवारी त्यांनी एक भलंमोठं पातेलं विकत आणलं.

पातेल्यामागून काचेचा बुधला आला, रबराच्या नळ्या आल्या, काकवीसारख्या दाट पाकाचे डबे आले. कारखान्यातल्या एड नावाच्या माणसाकडून काका बिअर करायला शिकत होते. बिअर घरी करणं तेव्हा त्या देशात कायद्याने नुकतंच मोकळं झालं होतं आणि एडसारखे पुष्कळ लोक गॅरेजमध्ये तोच उद्योग करत. आमच्या मंडळात मात्र बातमी फिरली ती अशी, की बायको सोडून गेली आणि मोहिते घरात दारू गाळतात. तिळगुळाच्या बाईंनी ती मला स्वतः सांगितली. मी त्यांना बरंच काही सुनावलं, पण घरी येऊन मलाच झोप लागेना. एकटा माणूस, रिकामं घर आणि दिवसचे दिवस बुधल्यासमोर बसणं. काकू येतील आणि हे बघतील, मग चार आठवडे तरी कशाला राहतील?

एका गोष्टीचा उलगडा मात्र होत नव्हता. काकांना पिताना कुणीच पाहिलं नव्हतं. बिअर चाखायची वेळ आली की ते तोंडात घोट घेत, डोळे मिटत, आणि कडू औषध थुंकावं तशी सिंकमध्ये थुंकून चूळ भरत. चव सांगायचं काम प्रकाशकडे होतं. प्रकाशचा काही उपयोग नव्हता. तो प्रत्येक वेळी म्हणायचा, "छान आहे की काका. मस्त आहे यार."

"मग करता कशाला, आवडत नाही तर?" मी भिंतीला विचारलं.

"बॅच चालू आहे," काका म्हणाले. हे उत्तर नव्हतं, पण ते तेवढंच म्हणाले.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला. आवाज एखाद्या सर्जनसारखा. "आज ड्राय हॉपिंग आहे. प्रकाशला पाठव. दाढी करून ये म्हणावं. तूही ये, एक हात कमी पडतोय."

हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. हिरवी, कागदासारखी, हलकी. बिअर उकळताना ती घातली की कडूपणा येतो. पण काका करत होते त्या पेल एल नावाच्या बिअरला जो वास लागतो, तो उकळून येत नाही. सगळं फसफसणं संपलं, बिअर थंड आणि शांत झाली, की सुकी फुलं वरून भिजत घालायची आणि आठवडाभर हात लावायचा नाही. वरणावर शेवटी घातलेल्या फोडणीसारखंच ते. हे ड्राय हॉपिंग. काकांच्या दृष्टीने सबंध प्रकरणातला हाच सगळ्यात धोक्याचा क्षण होता, कारण तयार झालेला माल पुन्हा उघडायचा होता.

टेबलावर पांढरी चादर अंथरलेली. फुलांची पुरचुंडी बुडून राहावी म्हणून तिच्यात घालायला अजयच्या लहानपणीच्या गोट्या, त्या उकळलेल्या. बांधायला दोरा, तोही उकळलेला. कात्री उकळलेली. पुरचुंडी आत ढकलायला विमलकाकूंचं लाटणं, तेही उकळून पांढरं पडलेलं. फुलांची पिशवी उघडताना काकांचा चेहरा कसनुसा झाला. "ही उकळता येत नाहीत. उकळली की वास उडतो. इथे दुसऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो." विश्वास ठेवणं त्यांना किती जड जात होतं, ते दिसत होतं.

मग त्यांनी एका प्लास्टिकच्या पिशवीतून घडी घातलेलं मलमलचं फडकं काढलं आणि चादरीवर पसरलं. मी ते ओळखलं. काकूंचं चक्क्याचं फडकं.

"काका, हे उकळायचं राहिलं."

"हे कशाला? हे विमलनं धुतलेलं आहे."

"पण काका, चक्क्याचं आहे ते. कितीही धुतलं तरी त्याच्यात दह्याचं..."

"नीला, तोंड तिकडे."

मी तोंड तिकडे केलं. दही लावणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, चक्क्याच्या फडक्यात काय मुरलेलं असतं ते. पण काकांनी फुलं आणि गोट्या त्यात भरल्या, दोरा आवळला आणि पुरचुंडी बुधल्याच्या तोंडाशी नेली. तोंड अरुंद. पुरचुंडी अर्धी गेली आणि अडकली. प्रकाश खाली बसून बुधला मिठीत धरून होता, रुमालाआडून घाम गाळत. काका लाटण्याने ढकलत होते, हळू, फार हळू, कारण काच तडकली असती. कुणी श्वास घेत नव्हतं, निदान बुधल्याच्या दिशेने तरी नाही. मग एकदम 'डुबुक' झालं आणि ती आत गेली. आणि वास आला. संत्र्याची साल नखाने खरवडल्यावर येतो तसा, त्यात थोडा पाइनच्या झाडाचा. काकांनी डोळे मिटले. मी त्यांना इतकं खूश त्या वर्षात पाहिलं नव्हतं, म्हणून मीही फडक्याचं पुन्हा काढलं नाही.

आठवडा उलटायच्या आत बिअरवर पांढरी साय धरली.

पुढचे दिवस आमच्या आळीने चौकशी समितीत काढले. काका प्रकाशला घेऊन बसले. "त्या दिवशी शिंकलास?"

"नाही काका."

"शिंक आली होती का? दाबलीस का?"

"काका, खरंच नाही."

"मनात तरी आली होती का?"

प्रकाश बिचारा आठवत बसला. त्यानंतर पाळी शेजारच्या मांजराची. मग कापसाच्या शेतातल्या धुळीची. मग एडची, त्याने दिलेल्या यीस्टची, गॅरेजच्या दाराखालच्या फटीची. काकांनी फटीला टेप लावली, छताचा कोळी शोधून काढला, माझ्या भाजीच्या डब्याचं झाकण वास घेऊन पाहिलं. सगळं जग संशयित होतं. एक गोष्ट सोडून. आणि मार्च जवळ येत होता.

शेवटी माझ्याने राहवेना. मी गॅरेजमध्ये गेले, हात धुतले नाहीत, कॅप घातली नाही, आणि सरळ त्यांच्याकडे तोंड करून म्हणाले, "काका, फडक्यामुळे झालं."

"हॉप्समध्ये दह्याचे जंतू टिकत नाहीत. पुस्तकात आहे."

"पुस्तक लिहिणाऱ्याने कधी चक्का टांगला नसेल. तुमच्या कारखान्यात कुणी न उकळलेलं फडकं असं आत नेलं असतं तर तुम्ही त्याला ठेवला असता का?"

काका उठून उभे राहिले. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "विमलनं धुतलेल्या वस्तूला आजवर काही झालेलं नाही. तिच्या फडक्याला नाव ठेवायचं नाही. तू आता घरी जा."

मी घरी आले आणि भाजीचा डबा सिंकमध्ये आदळला. एवढी माया असेल तर त्या बाईला फोनवर 'ठीक आहे' म्हणताना कुठे गेली होती? प्रकाश म्हणाला, जाऊ दे ना यार. मी म्हटलं, तू आधी मनातल्या शिंका आठव.

काकांना काकू यायच्या आतच बिअर हवी होती, का ते मला कळत नव्हतं, आणि नवी बॅच तोवर तयार होणं शक्य नव्हतं. काकांनी सायीखालची बिअर नळीने काढली आणि बाटल्यांत भरली. आमच्या घरून, एडच्या घरून, रस्त्यावरच्या तीन-चार घरांतून मागून आणलेल्या त्या बाटल्या, लेबलं खरवडून, उकळून घेतलेल्या. बाटलीत चिमूटभर साखर घालून बूच ठोकलं की आत थोडा गॅस तयार होतो आणि फेस येतो. थोडा. पण आत नको ते जंतू असले, तर ते खात राहतात आणि गॅस वाढत राहतो, हे काकांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांनी फडक्याचं मात्र कबूल केलं नव्हतं, त्यामुळे जंतूही कबूल करता येत नव्हते.

त्या मार्चमध्ये ऊन लवकर आलं. संत्र्याची झाडं फुलायच्या आत गाड्यांची स्टिअरिंगं हाताला चटका द्यायला लागली. काकू यायच्या आदल्या दिवशी दुपारी शेजारून आवाज आला, फटाक्यासारखा. मग दुसरा. मी कणकेच्या हाताने धावले.

गॅरेजच्या दारात काका उभे होते. डोळ्यांवर कारखान्यातला चष्मा, हातात अजयचा बेसबॉलचा ग्लव्ह, आणि छातीशी धरलेली सांगलीची जाडजूड गोधडी. आत खोक्यांतून फेस वाहत होता आणि जमिनीवर काचा.

"जवळ येऊ नको," ते म्हणाले.

"किती राहिल्यात?"

"माहीत नाही. गार करायला पाहिजेत. गार झाल्या की थांबतील."

प्रकाश आला. मी काकांचा फ्रिज रिकामा केला; त्यात होतं काय, दूध, लोणचं आणि मीच दिलेले डबे. मग एकेक बाटली. काका गोधडी पुढे धरून आत जात, खोक्यातून ग्लव्हने एक बाटली उचलत, ओल्या टॉवेलात गुंडाळून बाहेर देत. प्रकाश ती दोन्ही हातांनी धरून, तान्हं मूल नेतात तशी, स्वयंपाकघरात नेई. मी फ्रिजचं दार उघडून धरलेलं. एक खोक्यातच फुटली, काकांच्या पायांपाशी. ते थांबले, गोधडी पुन्हा वर धरली आणि पुढची उचलली. मला रडू यायला लागलं होतं आणि कशासाठी ते मला कळत नव्हतं. त्या आंबट पाण्यासाठी कुणी असं जिवावर उदार होतं का?

वाचल्या त्या फ्रिजच्या एका फळीवर मावल्या. काका पायरीवर बसले. पायजमा ढोपरापर्यंत भिजलेला, अंगाला आंबूस वास. त्यांनी हात धुतले नाहीत.

"बॅच गेली," ते म्हणाले. मग पायजमा पिळत, "तू म्हणालीस ते बरोबर होतं."

मला ते ऐकून अजिबात बरं वाटलं नाही. "जाऊ द्या काका. तुम्ही नाहीतरी पीत नाही."

"मी नाही. ती."

मला वाटलं, मी चुकून भलतंच ऐकलं. काका माझ्याकडे न बघता बोलत होते. "कंपनीच्या पिकनिकला एडनं त्याची ही पेल एल आणली होती. विमलला कुणीतरी ग्लास दिला. ती म्हणाली, कारल्याच्या पाण्यासारखं लागतंय. मी म्हटलं, टाकून दे. तर म्हणते, 'अजून आहे का?' नीला, आम्हाला इथे येऊन किती वर्षं झाली. घर घेतलं, तेव्हा ती म्हणाली, बरं आहे. ग्रँड कॅन्यन दाखवला, म्हणाली, छान आहे, चला. या देशातल्या कशालाच ती 'अजून' म्हणाली नाही. त्या एका ग्लासाला म्हणाली. दुकानातली आणून दिली, तर एक घोट घेऊन ठेवली. तसली मिळतच नाही. म्हटलं, घरात तशी असली तर..."

त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून ढोपरावर ठेवला.

"मंडळात तुम्हाला दारुडे म्हणतात, माहितीये?"

"म्हणू देत. तिला कुणी काही म्हणायला नको." मग ते म्हणाले, "आता उद्या तिला देऊ काय?"

मला तोंड तिकडे करावं लागलं, आणि या वेळी ते बिअरसाठी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काका आणि मी फिनिक्सच्या विमानतळावर गेलो. काकू बारीक झाल्या होत्या, कुंकू तेवढंच ठसठशीत. मी त्यांची मोठी बॅग उचलली आणि ती झटक्यात वर आली. पापड नाहीत, मसाला नाही, काही नाही. रिकामी आणली होती, भरून न्यायला. काकांनी ती माझ्या हातातून घेतली, तेव्हा त्यांनाही वजन कळलंच असेल. त्यांनी ती डिकीत ठेवली आणि झाकण लावलं. गाडीत काकू सांगत होत्या, आई आता काठी घेऊन तुळशीपर्यंत जाते, भाऊ-भावजय आहेत, सगळं ठीक आहे. "मग आता तुमच्यावाचून अडत नाही तिथे," मी पुढच्या सीटवरून म्हणाले. काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "अडत तर कुठंच नाही ग."

काका फक्त गाडी चालवत होते. मला वाटत होतं त्यांना गदागदा हलवावं.

घरी मी पिठलं-भात करून ठेवला होता. ताटं वाढली, जेवणं झाली. काका बिअरचं नाव काढेनात. मीही निघायचं नाव काढेना. काकू उठून दूध बघायला फ्रिजपाशी गेल्या आणि दार उघडून तशाच उभ्या राहिल्या.

"हे काय?"

"त्याला हात लावू नको," काका घाईने म्हणाले. "कंटॅमिनेशन झालंय."

"पण आहे काय ते?"

काका खुर्चीच्या पाठीवरून बोट फिरवत राहिले. "एडची ती बिअर. पिकनिकची. तुझ्यासाठी केली होती. बिघडली."

काकूंनी एक बाटली काढून ओट्यावर ठेवली. "उघडा."

काकांनी ती सिंकमध्ये धरून, टॉवेलाने झाकून उघडली. फेस छताला लागला, काकूंच्या गालावर उडाला, काकांच्या चष्म्यावरून ओघळला. उरली ती अर्धा ग्लास. काकूंनी गाल पुसला, ग्लास घेतला आणि मोठा घोट घेतला. त्यांचा सगळा चेहरा चिंच चावल्यासारखा गोळा झाला. काका त्यांच्याकडे असे बघत होते, की माझ्याने बघवेना.

काकूंनी जिभेने टाळ्याला 'टक' केलं. "हे माझं विरजण आहे. माझं चक्क्याचं फडकं घातलंत ह्यात?"

"हो."

"उकळलं नाहीत?"

"तू धुतलेलं होतं."

"अहो, कुठलं धुतलेलं? विमानाची घाई होती. नुसतं पाण्यातून काढलं, वाळवलं आणि घडी घालून ठेवलं. तुम्ही एवढे, चमचासुद्धा दोनदा धुणारे... आणि हे तसंच घातलंत?"

"तुझं होतं म्हणून," काका म्हणाले. मान खाली होती. तासगावच्या शाळेत छडी खाताना ते असेच उभे राहिले असतील.

काकूंनी ग्लासकडे पाहिलं आणि उरलेली बिअर एका दमात पिऊन टाकली. मग ग्लास खाली ठेवला. "आंबट झालीय," त्या म्हणाल्या. "खालून कडू येतंय, पण नीट लागत नाही. पुन्हा लावा."

"पुन्हा लावायची म्हणजे..." काका बोटांवर मोजायला लागले. "उकळायची, आंबवायची, मग हॉप्स, मग बाटल्या. दीड-दोन महिने लागतात, विमल. तुझं तिकीट त्याच्या आधीचं आहे."

"फडकं कुठाय?"

काकांनी खण उघडून दिला. काकूंनी पातेल्यात पाणी घेतलं, स्टोव्हवर चढवलं आणि फडक्याची घडी मोडून ते त्यात सोडलं.

"लागू देत की," त्या म्हणाल्या.